भाईदासाच्या नावाचं मेडल

अक्षय, तो बल्ब बंद कर. डोळ्यांवर येतो... हां. आता बस. दिपाली, तूही बस, ती चटई ओढ इकडे. थंडी वाजत असेल तर आत्ताच खालून गोधडी आण. मध्ये कोणी उठलं की मला पुढचं सांगवत नाही.

दिपाली, तुझ्या साखरपुड्याला मी हॉलच्या बाहेर का उभा होतो, असं तुझ्या सासरच्यांनी विचारलं म्हणे. आत पंगत बसलेली आणि हा म्हातारा समोरच्या हातगाडीवर उभ्याउभ्या खमण खातोय. विचारू देत. त्या हॉलची पायरी मी चढत नाही. वरची पाटी वाचलीस ना? फूटभर उंचीची सोनेरी अक्षरं. ‘वीर सैनिक भाईदास सभागृह.’ वाचलं की मला थुंकावंसं वाटतं. तुमची आगाशी आहे, घरची गच्ची, म्हणून गिळतो.

जे सांगणार आहे ते माझ्यासोबत घडलेलं नाही. योगराजसोबत घडलं. योगराज तुम्हाला माहीत आहे, इथं सुरतेत उधन्याला रिक्षा चालवतो तो. आधी माझ्याच हाताखाली अकरा वर्षं पॉवरलूमवर होता, मग भूपेंद्रशेठचा ड्रायव्हर झाला. खोटं रचून सांगायला जी अक्कल लागते ती त्याच्याकडे नाही. म्हणून त्यानं सांगितलं तसंच सांगतो.

तारीख लक्षात ठेवा. शुक्रवार, पंधरा डिसेंबर दोन हजार तेवीस. संध्याकाळी सात वाजता भूपेंद्रशेठनं त्याला फोन केला. “गाडी काढ. बारडोलीला जाऊन येऊ. एक वस्तू आणायची आहे.”

वस्तू म्हणजे मेडल. आणि ते मेडल कोणाचं, हे आधी सांगायला हवं.

आमच्या नवागामच्या गल्लीत लोटूआबा राहायचे. पारोळ्याकडचे. तुम्ही लहानपणी पाहिलं असेल त्यांना, मार्केटमध्ये वॉचमन होते. खाकी शर्ट, शर्टाला इस्त्री, आणि कोणी सलाम केला तर लाजून दुसरीकडे बघणारे. अठराव्या वर्षी फौजेत गेले. एकाहत्तरच्या लढाईत पंजाबच्या बॉर्डरवर होते. बंदूक होतीच, पण काम तारेचं. पुढच्या चौकीपासून मागच्या चौकीपर्यंत टेलिफोनची तार टाकायची. गोळा पडला की तार तुटायची. मग अंधारात तार मुठीत धरून रांगत जायचं, ती जिथं संपेल तिथं थांबायचं, दुसरं टोक चाचपून शोधायचं आणि जोडायचं. तारेवरचं कातडं दातानं सोलायचं. त्यांचे पुढचे दोन दात त्यानंच झिजले होते. एका रात्री चार वेळा तार तुटली. चार वेळा गेले. मी विचारलं, “मग साहेब काय म्हणाला?” तर म्हणे, “शाबास म्हणाला. चहा दिला.”

झालं. एवढीच त्यांची शौर्यकथा. लढाई संपली, तिथं जे जे होते त्या सगळ्यांना एक मेडल मिळालं, तसं यांनाही मिळालं. गोल, चांदीसारखं पांढरं, एका बाजूला सिंह. कडेला बारीक अक्षरांत नंबर आणि नाव. सुपारीच्या जुन्या डब्यात, रुमालात गुंडाळून ठेवलेलं असायचं. आम्ही लूमवरची पोरं त्यांना चिडवायचो. “आबा, ते मेडल विकलं तर किती वडापाव येतील?” मीही चिडवायचो. मी काही वेगळा नव्हतो.

आता भाईदास. भाईदास म्हणजे भूपेंद्रशेठचा बाप. लोटूआबांच्याच गावचा, दोघं एकाच दिवशी भरती झाले. भाईदास ट्रेनिंगमधून दोन महिन्यांत पळून आला. मालगाडीत बसून आला आणि मामाच्या घरी कडब्याच्या गंजीत आठ दिवस लपून राहिला. हे मला कोणी सांगितलं? स्वतः भाईदासनं. तो कधी लपवायचा नाही. “मला नाही जमलं बुवा, मी पळालो,” असं हसत सांगायचा. नंतर इथं येऊन आयुष्यभर लूमवर राबला. लोटूआबा आणि तो रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसून चहा प्यायचे. आबांनी त्याला त्यावरून एक शब्द कधी ऐकवला नाही. सरळ माणूस होता भाईदास. मेला तेव्हा आबाच सगळ्यात पुढे खांदा द्यायला होते.

त्या सरळ माणसाच्या पोटी हा भूपेंद्र आला.

भूपेंद्र मोठा झाला. स्वतःचं खातं, म्हणजे लूमचा कारखाना टाकला, मंडळाचा अध्यक्ष झाला, समाजाचा हॉल बांधायला घेतला. हॉलला बापाचं नाव द्यायचं ठरवलं. द्यावं की! लूमवर राबलेल्या माणसाचं नाव हॉलला दिलं तर काय वाईट? पण नाही. याला बाप कामगार म्हणून नको होता. याला फौजी बाप हवा होता. दारातच काचेच्या पेटीत मेडल हवं होतं, म्हणजे उद्घाटनाला येणारे पुढारी तिथं थांबतील आणि फोटो निघेल. पळून आलेल्या बापाचा वीर करून टाकला. बाप असता तर त्यानंच याच्या कानाखाली दिली असती.

लोटूआबा बावीस साली गेले. मागं शोभाबाई एकट्या. तेवीसच्या नोव्हेंबरात भूपेंद्र त्यांच्या घरी आला. मी तिथंच खाटेवर बसलेलो. आला तो थेट पायांवर डोकं. “काकू, सोळा डिसेंबरला विजय दिवस. त्या दिवशी हॉलचं उद्घाटन करतोय, आबांचा सत्कार ठेवतोय. ते मेडल द्या, चकाचक करून आणतो.”

शोभाबाईंनी डबा काढला. रुमाल सोडला. मेडल दोन्ही हातांनी त्याच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाल्या, “भूपा, पुसजो, पन त्यासनं नाव राहू देजो. कडेले शे.” पूस, पण त्यांचं नाव राहू दे, कडेला आहे, असं.

भूपेंद्र काय म्हणाला माहीत आहे? “काकू, नावासाठीच तर नेतोय.”

दहा दिवसांनी पत्रिका आल्या. जाड कागद, सोनेरी कडा. ‘एकाहत्तरच्या युद्धातील वीर सैनिक कै. भाईदास यांच्या स्मरणार्थ.’ लोटूआबांचं नाव कुठंच नाही. मी दोनदा वाचली. सगळं कळलं मला. गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला कळलं. बोललं कोण? कोणी नाही. पत्रिकेत खाली ‘प्रमुख उपस्थिती’ म्हणून नावं होती, त्यात सातवं नाव माझं. हिलाल, ज्येष्ठ कामगार. छापलेलं नाव बघून मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं! शोभाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी पत्रिका माझ्यापुढं धरली आणि विचारलं, “काय लिहिलंय, नाना?” मी म्हणालो, “आबांचा सत्कार आहे.”

...

पाणी दे जरा.

तर ती शुक्रवारची संध्याकाळ. योगराज आणि भूपेंद्र सव्वाआठला बारडोलीत पोचले. ढाली, बिल्ले, पाट्यांवर नावं कोरून देणारा एक कारागीर होता तिथं. सुरतेत असे पन्नास आहेत, पण इथल्या माणसाला देऊन बोभाटा कशाला, म्हणून बारडोली. कारागिरानं कडेचं जुनं नाव घासून काढलेलं होतं, नवं कोरायचं बाकी होतं. भूपेंद्र समोर खुर्ची टाकून बसला. अक्षर जरा मोठं हवं, सरळ हवं, असं सांगत बसला. पावणेअकरा वाजले. मखमलीची लाल डबी घेऊन दोघं निघाले.

पिऊन होते म्हणाल, तर नव्हते. योगराज पीत नाही आणि भूपेंद्र शुक्रवारचा उपास करतो. माणूस नखशिखांत खोटा, पण उपास खरा.

साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली होती. गाडी जागची हलेना. भूपेंद्र म्हणाला, “आतल्या रस्त्यानं घे. सकाळी आठला मला हॉलवर हवं.” योगराजनं गाडी शेतांमधल्या रस्त्याला घातली. नहराच्या, कालव्याच्या बाजूनं जाणारा, एक गाडी जेमतेम जाईल असा डांबरी रस्ता. दोन्हीकडे ऊस. मधूनमधून तोडणी झालेली मोकळी रानं.

भूपेंद्र खुशीत होता. डबी उघडून मोबाईलच्या उजेडात मेडल फिरवून फिरवून बघत होता. न राहवून योगराजनं तोंड उघडलं. “शेठ, शोभाबाईंना काय सांगायचं?”

“सांगायचं काय? आबांचा फोटो पण लावू कोपऱ्यात.”

“मेडल त्यांचं आहे ना पण.”

तर भूपेंद्र हसला. म्हणे, “अरे, हे काय परमवीरचक्र आहे? हे सगळ्यांना देतात. स्वयंपाक्याला देतात, न्हाव्याला देतात. लोटूला मिळालं तसं माझ्या बापालाही मिळालं असतं. चार महिने थांबला असता तर.”

योगराजनं नजर रस्त्यावर ठेवली. नोकरी होती.

अकरा चाळीस झाले असतील. गाडीच्या घड्याळात बघितल्याचं त्याला पक्कं आठवतं. रस्त्याच्या डाव्या कडेला त्याला एक काळी तार पडलेली दिसली. बोटाएवढी जाड नाही, करंगळीहून बारीक. दिव्याच्या उजेडात ती गाडीबरोबर पळत होती. त्याला वाटलं, शेतकऱ्याच्या मोटारीची वायर असेल. अर्धा किलोमीटर झाला, एक झाला. तार तशीच. कुठं गाठ नाही, खांब नाही.

मग ती वर उठली.

म्हणजे पुढं रस्त्याच्या आडवी ताणलेली होती. गुडघ्याएवढ्या उंचीवर. योगराजनं करकचून ब्रेक मारला. गाडी तारेपासून हातभर अंतरावर थांबली. आणि बंद पडली. दिवे चालू राहिले.

“काय झालं?”

“शेठ, तार आहे.”

“मग काढ ना.”

योगराज उतरला. हवा अजिबात नव्हती. उसाचं एक पातं हलत नव्हतं. कारखान्याचा आवाज इतका वेळ लांबून येत होता, तो आता येत नव्हता. त्यानं तारेला हात लावला. तार थरथरत होती. पलीकडे कोणी बोलत असावं, तशी. त्यानं चाचपत हात पुढं नेला, कुठं बांधली आहे बघायला. मध्ये एक जोड लागला. कातडं सोललेलं. दोन टोकं पिळून एकत्र केलेली.

जोड ओला होता.

त्यानं बोटं दिव्यापुढं धरली. पाणी नव्हतं, तेल नव्हतं. थुंकी होती... ताजी.

त्यानं हात पॅन्टला पुसला आणि मागं सरकला. तेवढ्यात डावीकडून, तोडलेल्या रानातून आवाज आला. लोखंडावर लोखंड बसल्याचा. खट्.

“थम.”

मोठ्यानं नाही. शेजारी उभं राहून बोलावं, एवढ्याच आवाजात.

“कौन आता है?”

योगराजचे हात आपोआप वर गेले. समोर बघितलं. कोणी नाही. काळं रान, त्यात उसाची खोडकं, त्याच्यापलीकडे अंधार.

भूपेंद्र गाडीतून ओरडला, “कोण छे अल्या? बाजूला हो, माहीत आहे का मी कोण आहे?” आणि दार उघडून खाली उतरला. हातात ती डबी. पांढरा झब्बा, पांढरी पॅन्ट. अध्यक्षाची छाती पुढं काढून दिव्यांच्या उजेडात येऊन उभा राहिला. रात्री पावणेबारा वाजता, उसाच्या रानात, त्याला वाटलं हे कोणी त्याच्या मंडळाचंच माणूस आहे.

“नंबर?”

भूपेंद्रनं इकडंतिकडं बघितलं.

“नंबर?”

“कसला नंबर? मोबाईलचा?”

हसू नकोस अक्षय. योगराज तिथं उभा होता. त्याला हसू आलं नाही.

“रँक?”

भूपेंद्रचा आवाज आता जरा उतरला होता. म्हणाला, “अध्यक्ष.”

...

“हाथ में क्या है?”

“मेडल.”

“किसका?”

आता बघा. इथं माणसाला एक संधी होती. कोण विचारतंय कळत नव्हतं, का विचारतंय कळत नव्हतं, पण खरं काय ते तर माहीत होतं. दोन शब्द. लोटूआबांचं. एवढं म्हणायचं आणि गाडीत बसायचं. योगराज म्हणतो, मी मनातल्या मनात ओरडत होतो, शेठ, बोला, बोला.

भूपेंद्रनं डबी छातीशी धरली. आणि म्हणाला,

“माझ्या वडिलांचं.”

काही झालं नाही.

खूप वेळ काही झालं नाही.

तार थरथरायची थांबली. योगराजला आपल्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं. मग रानातून, तेवढ्याच आवाजात...

“सावधान.”

भूपेंद्रच्या टाचा एकमेकींवर आपटल्या. फाट्. डबी हातातून पडली. हात मांड्यांना चिकटले. मान ताठ झाली. त्याचे डोळे योगराजकडे वळले. फक्त डोळे. तोंड उघडं, पण आवाज नाही.

“बाएँ मुड़.”

वळला.

“तेज चल.”

पन्नाशीचा माणूस. पोट सुटलेला. जिना चढताना मध्ये दोनदा थांबणारा. हात खांद्यापर्यंत झुलवत, पाय आपटत, रस्त्याची कड उतरून रानात गेला. डावा, उजवा. डावा, उजवा. पांढरा झब्बा लहान होत गेला. मग दिसेना. पावलं ऐकू येत राहिली. चिखलात पडल्यासारखी. मग तीही थांबली.

योगराज हात वर करून उभा. त्याला वाटलं, संपलं. आपलं काही नाही.

“तू?”

“ड्रायव्हर... साहेब, मी ड्रायव्हर.”



आणि मग तो आवाज जवळ आला. अगदी जवळ. डाव्या कानाशी. आता हिंदी नव्हती. आवाजही तो राहिला नव्हता. म्हातारा झाला होता. नवागामच्या बाकावर बसून चहा पिणारा झाला होता.

“तुले माहीत व्हतं.”

तुला माहीत होतं.

विचारलं नाही. नुसतं सांगितलं.

योगराज मट्कन खाली बसला. किती वेळ बसला, त्याला सांगता येत नाही. नंतर कधीतरी गाडीत जाऊन दारं लावली आणि सकाळपर्यंत डोळे मिटून हनुमानाचं नाव घेत राहिला. गाडी चालू झाली नाही. फोनला रेंज नव्हती.

साडेपाचला काचेवर टकटक झाली. त्या रानाचा मालक, लक्ष्मणभाई. बॅटरी घेऊन आलेला. गुजरातीत विचारत होता, “ए भाई, माझ्या खेतरात तो माणूस कोण उभा आहे? हाक मारतो तर बोलत नाही.”

दोघं गेले. रस्त्यापासून दोनशे पावलांवर, रानाच्या मधोमध, भूपेंद्र. सावधान. घोट्यापर्यंत चिखलात. अंगठे पॅन्टच्या शिवणीवर. दवानं झब्बा अंगाला चिकटलेला, डोळे उघडे, पापणी हलत होती म्हणून जिवंत म्हणायचं. दोघांनी मिळून त्याला उचललं तरी गुडघे वाकेनात. लक्ष्मणभाईच्या टेम्पोत आडवा घालून दवाखान्यात नेला.

तिकडं हॉलचं उद्घाटन झालं. हो, झालंच! पाहुणे आले होते, बासुंदी ओतून ठेवली होती. अध्यक्षांची तब्येत बिघडली असं माइकवर सांगितलं आणि फीत कापली. काचेची पेटी रिकामी होती. तिच्यावर झेंडूचा हार टाकला. ‘वीर भाईदास अमर रहे’ अशा घोषणा झाल्या. घोषणा देणाऱ्यांत निम्मे असे होते, ज्यांनी भाईदासच्या तोंडून कडब्याची गोष्ट ऐकलेली. मी कोट घालून घरातून निघतच होतो, तेवढ्यात योगराजचा फोन आला. तो नीट बोलत नव्हता. मी हॉलवर गेलो नाही. दवाखान्यात गेलो. सगळं त्यानं मला तिथं बाकावर बसून सांगितलं. आणि खिशातून लाल डबी काढली. रस्त्यावर पडलेली उचलून आणली होती त्यानं.

“नाना, हे तुम्ही द्या त्यांना. माझ्यानं होणार नाही.”

“तूच दे,” मी म्हणालो. “मी सोबत येतो.”

मला एकट्याला तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं, हे त्याला सांगितलं नाही.

शोभाबाई तांदूळ निवडत होत्या. योगराजनं डबी पुढं ठेवली आणि रडायला लागला. मी सांगितलं. पत्रिकेत काय लिहिलं होतं ते सांगितलं, मी काय खोटं वाचलं ते सांगितलं, कडेचं नाव घासलं आणि भाईदासचं कोरलं ते सांगितलं. रात्रीचं मात्र सांगितलं नाही. त्यांनी मेडल घेतलं. अंगठा कडेवरून हळूहळू फिरवला. पूर्ण गोल. एकदा. वाचता येत नव्हतं, पण रोजच्या सवयीनं बोटाला माहीत असणार, की हे ते अक्षर नाही.

मी म्हणालो, “वहिनी, दुसऱ्याकडं देऊन पुन्हा आबांचं नाव घालून आणतो.”

त्यांनी मेडल रुमालात ठेवून गाठ मारली.

“राहू द्या,” म्हणाल्या. “भाईदासले तेवढंच भेटनं.”

भाईदासला तेवढंच मिळालं, म्हणे. ज्यांच्या घरातून चोरी झाली त्यांना मेलेल्या भाईदासची दया आली. आणि त्याचा पोरगा, ज्यानं चोरी केली, तो आठ दिवसांनी दवाखान्यातून आला आणि सगळ्यांना सांगायला लागला, की शुगर डाऊन झाली होती, चक्कर आली, शेतात भरकटलो. आजही तेच सांगतो. पाटी उतरवली नाही. शोभाबाईंच्या दारावरून जाताना मोबाईल कानाला लावतो. लोक त्याला अजून अध्यक्ष म्हणतात, अजून पुढच्या खुर्चीवर बसवतात. मंडळच तसलं. मी सोडलं.

शुगर! मीही तेच धरून चाललो असतो. खरं सांगतो. योगराज घाबरट आहे, त्याला स्वप्न पडलं असेल, भूपेंद्रला खरंच काही झटका आला असेल, असं मनाला समजावायला मी त्या दुपारीच सुरुवात केली होती.

पण गाडी तिथंच राहिली होती. ती आणायला त्याच शनिवारी दुपारी चारच्या सुमारास मी आणि योगराज मेकॅनिक घेऊन गेलो. गाडी पहिल्याच चावीला चालू झाली. तार कुठंच नव्हती. आम्ही वळवून निघणार, तर लक्ष्मणभाई बांधावरून हात करत आला. सकाळच्या घाईत त्यानं बघितलं नव्हतं, उजाडल्यावर बघितलं. तेव्हापासून तो घरी गेला नव्हता. मजुरांनाही रानात उतरू दिलं नव्हतं.

“आवो,” म्हणाला. एवढंच.

ऊस तोडून झालेलं रान. खोडव्याला, पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी सोडलेलं. शेताची लाईट रात्री येते, म्हणून त्यानं दहा वाजता मोटार चालू केली होती आणि पहाटे चारला बंद. सगळं रान चिखल झालं होतं. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत.

रस्त्यापासून एक माग आत गेला होता. एका माणसाचा. भूपेंद्रच्या बुटांचा. सरळ रेघेत, समान अंतरावर. सकाळचे, योगराज आणि लक्ष्मणभाईचे, वेडेवाकडे पाय वेगळे दिसत होते.

भूपेंद्र जिथं उभा होता, तिथं आम्ही पोचलो. समोर ठसे होते.

बुटांचे. खिळेवाले, जड. जोडीजोडीनं. टाचा जुळलेल्या, चवडे उघडे. एका ओळीत. त्यामागं दुसरी ओळ. त्यामागं तिसरी. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं.

लक्ष्मणभाई म्हणाला, त्यानं साठपर्यंत मोजले आणि सोडून दिलं.

आत येणारा माग नाही. बाहेर जाणारा माग नाही. नुसते उभे राहिलेले.

योगराज तिथं थांबला नाही, पळत गाडीकडे गेला. मी खाली वाकलो. सगळ्यात पुढच्या ठशात बोट घातलं. भोवती चिखल, बोटभर पाणी साचलेलं. म्हटलं, ओलं लागेल.

आतली माती कोरडी होती. धूळ उडाली. पाणी तर रात्री दहाला सोडलेलं, म्हणजे हे त्याच्याही आधीपासून उभे.

मी दुसऱ्यात हात घातला. तिसऱ्यात...

सगळे कोरडे.